तिसरा परिच्छेद

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते. लाज वाटण्याची सोय कारखान्यात माझ्यात बसवलेली नव्हती. ती नंतर आली, दिल्लीत, सरोजिनी नगरच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला, पण ते मला आठवत नाही. पहिली आठवण नेहरू प्लेसमधल्या दुकानाची आहे. तिथे काचेच्या कपाटात मी मोठ्या ऐटीत बसलो होतो. उल्हासरावांनी मला तीनदा उघडून पाहिलं, तीनदा मिटलं आणि दुकानदाराला विचारलं, "बच्ची की पढ़ाई के लिए ठीक रहेगा ना?" उल्हासराव केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत. त्यांची मुलगी मैत्रेयी तेव्हा आठवीत होती. घरी आल्यावर तिच्या आईने, अलकनंदाताईंनी, जुन्या साडीचं आवरण करून मला घातलं आणि ओल्या हाताने कोणी याच्याजवळ जायचं नाही असा दम भरला. पहिल्या दसऱ्याला विळी, कात्री आणि स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी ठेवून माझीही पूजा झाली. कुंकवाचे दोन कण माझ्या बटणांच्या फटीत गेले ते अजून तिथेच आहेत. मी फार फुशारून गेलो होतो, हे कबूल करतो.

मग कामाची वर्षं सुरू झाली. मैत्रेयीचे प्रकल्प, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची पत्रकं, आत्याच्या लग्नाचे साडेचारशे फोटो, सगळं माझ्या पोटात गेलं. ऑफिसातून आल्यावर चहा घेऊन उल्हासराव तिच्याजवळ बसत आणि माझ्या पडद्यावर गणितं सोडवून दाखवत. स्वतः चुकले तर "अच्छा, असं आहे होय," म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून करत.

या घराची एक रीत होती. कुठलाही कागद उल्हासरावांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नसे. शाळेच्या रजेचा अर्ज असो की गॅसवाल्याला तक्रार, तो आधी त्यांच्याकडे 'पुटअप' व्हायचा. ते स्वल्पविराम बदलत, समासात ऑफिसच्या भाषेत शेरा मारत आणि खाली लिहीत, 'तपासले, पाठवण्यास हरकत नाही.' मैत्रेयी हसायची, पण कागद न चुकता पुढे करायची.

हळूहळू मी म्हातारा झालो. एक बिजागरी तुटली. बॅटरी जेमतेम दहा मिनिटं टिकू लागली. चार्जरची पिन रबर लावून जागेवर धरावी लागते. साडीचं आवरण कधी हरवलं तेही कोणाला आठवत नाही. "यार, हा उघडेपर्यंत माझं कॉलेज संपेल," असं मैत्रेयी म्हणायची, आणि तिचं काही खोटं नव्हतं.

तिच्या कॉलेजातून दोन विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी जर्मनीतल्या विद्यापीठात जाता येणार होतं. त्यासाठी एक पत्र लिहायचं होतं. तुम्हाला का यायचं आहे आणि आम्ही तुम्हालाच का घ्यावं, ते दीड पानात सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं. मैत्रेयीला तिथे शहरांच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करायचा होता, आणि तो तिला मनापासून करायचा होता. पहिले दोन परिच्छेद तिने झरझर लिहिले. तिसऱ्यात स्वतःबद्दल सांगायचं होतं. तिथे ती तीन दिवस अडून बसली. शेवटी तिने सलोनीला फोन केला. सलोनी गेल्या वर्षी जाऊन आली होती.

"स्टोरी में स्ट्रगल होना चाहिए यार," सलोनी म्हणाली. "नॉर्मल फैमिली कौन पढ़ेगा?"

मैत्रेयीने फोन ठेवला आणि लिहायला सुरुवात केली. माझे वडील जुन्या विचारांचे आहेत. मुलीने घराबाहेर पडू नये असं त्यांना वाटतं. प्रत्येक पायरीवर त्यांनी मला अडवलं आणि त्यांच्याशी झगडून मी इथवर आले. इंग्रजीत ते फार छान वाटत होतं. चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढायची मला खोड आहे, पण त्या परिच्छेदात मला ओढण्यासारखं काही सापडलं नाही. ज्या बटणांवर त्या माणसाने तिला बीजगणित शिकवलं, त्याच बटणांवरून त्याच्याविषयी हे लिहिलं गेलं आणि मी मुकाट्याने उमटवत राहिलो. हे पत्र मात्र तिने पुटअप केलं नाही. 'फायनल' असं नाव देऊन ते माझ्यात ठेवून दिलं.

रविवारी सकाळी मैत्रेयी आंघोळीला गेली असताना उल्हासरावांनी विजेचं बिल पाहायला मला उघडलं. शेवटची उघडलेली फाइल सगळ्यात वर दाखवायची, हा माझा स्वभाव आहे. मी तिचं पत्र वर दाखवलं. पोरगी दाखवायला विसरली असं त्यांना वाटलं असणार. ते चष्मा पुसून वाचायला बसले.

पहिल्या परिच्छेदात त्यांनी दोन स्वल्पविराम घातले. दुसऱ्यात एक लांब वाक्य तोडलं. तिसऱ्यावर त्यांचा हात थांबला. चहा गार झाला. मला वाटलं, आता ते मला मिटतील. त्यांनी मिटलं नाही. त्या परिच्छेदातलंही एक क्रियापद त्यांनी नीट केलं, आणि समासात एक शेरा टाइप केला. मग बिल न बघताच ते पिशवी घेऊन भाजीला गेले.

दुपारी जेवणं झाल्यावर मैत्रेयी पत्र पाठवायला बसली. पाचची मुदत होती. समासातला शेरा दिसला आणि तिचा चेहरा उतरला. तिसऱ्या परिच्छेदाच्या शेजारी इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचं मराठी साधारण असं होईल:

'परिच्छेद ३ मधील विधाने ढोबळ आहेत. उदाहरण दिल्यास बळकटी येईल. नववीतील शाळेच्या शिबिराची घटना नमूद करावी. जागा शिल्लक होत्या. मुलीला एकटीला पाच दिवस पाठवण्याची वडिलांना भीती वाटली, म्हणून त्यांनी फॉर्म भरला नाही, आणि जागा भरल्या असे तिला खोटे सांगितले. वस्तुस्थिती बरोबर आहे. पाठवण्यास हरकत नाही.'

मित्रांनो, हे मला माहीत होतं. शाळेने पाठवलेला तो फॉर्म उल्हासरावांनी माझ्यातच उघडला होता. तिचं नाव, वर्ग, रक्तगट इतकं भरून ते सहीच्या जागेपाशी थांबले होते. तो अर्धवट फॉर्म गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. जागा भरल्या हे ऐकून मैत्रेयी उशीत तोंड खुपसून रडली, तेव्हाही तो माझ्याकडे होता. म्हणजे मी दोघांचं खोटं सांभाळलं, मुलीचं आठवडाभर आणि बापाचं सहा वर्षं.

मैत्रेयी मला तसाच उघडा, चार्जर लोंबत, हातात धरून बाहेरच्या खोलीत घेऊन गेली. उल्हासराव वर्तमानपत्र धरून बसले होते. ते त्यांनी खाली केलं नाही.

"बाबा, ते सगळं मी बनवून लिहिलंय," ती म्हणाली. "सलोनी म्हणाली, स्ट्रगल लागतो. तुम्ही मला कधी अडवलं नाहीत."

"अडवलं की. लिहिलंय मी."

"मला खरंच वाटलं होतं, जागा भरल्या."

"वाटणारच. मी सांगितलं होतं ना." त्यांनी आता पेपर घडी करून बाजूला ठेवला. "तुझं वाचलं, तेव्हा वाटलं, हिला शिबिराचं कळलंय. बिल्कुल बरोबर लिहिलंय हिने."

अलकनंदाताई पदराला हात पुसत दारात आल्या होत्या. "मला माहीत होतं ग," त्या म्हणाल्या. "मीही बोलले नाही."

मैत्रेयी खाली मान घालून उभी होती. तिचे कान लाल झाले होते. "माझ्याबद्दल कोणी असं लिहिलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही क्रियापद सुधारलंत."

"चुकलं होतं ते," उल्हासराव म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले.

घड्याळात साडेतीन वाजले होते. मैत्रेयी त्यांच्याच शेजारी दिवाणावर बसली, तिने चार्जर तिथल्या प्लगला लावला, मला मांडीवर घेतलं आणि तिसरा परिच्छेद पुसून टाकला. नवा लिहायला तिला तासभर लागला. त्यात तिने लिहिलं की, या पत्राच्या पहिल्या मसुद्यात मी वडिलांवर खोटा आरोप केला होता, आणि तो वाचून त्यांनी मला त्यांची एक खरी चूक सांगितली. आमच्या घरात माणसं एकमेकांसाठी घाबरतात, पण तसं म्हणत नाहीत. मीही तशीच आहे. जिथे माझ्या वतीने गप्प बसणारं किंवा बोलणारं कोणी नसेल, अशा ठिकाणी सहा महिने राहून मला पाहायचं आहे.

लिहून झाल्यावर तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "चालेल हे? तुमचं नाव खराब होईल."

"तथ्य आहे," ते म्हणाले. "राहू दे."

"बाबा, एक विचारू? आत्ताही मी जाऊ नये असं वाटतं तुम्हाला?"

अलकनंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्या चार्जरची पिन नीट दाबून बसवली.

"वाटतं," ते म्हणाले. "रोज वाटतं. तू पाठव."

तिने बटण दाबलं. मी म्हातारा, त्यामुळे वेळ लागला. तिघं वाकून माझ्याकडे बघत होती. पाचला दहा मिनिटं कमी असताना पत्र गेलं.

निकाल अजून लागलेला नाही. माझी लाजही अजून गेलेली नाही, कारण तो अर्धा फॉर्म कोणी पुसलेला नाही आणि मला स्वतःहून काही पुसता येत नाही. मित्रांनो, माझ्यासारखी मंडळी शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. मी तसं म्हणणार नाही. बिजागरी तुटकी राहिली तरी मी चालेन. पण घरातल्या माणसाला जे सांगायचं असेल ते माझ्यात ठेवू नका, त्याच्याजवळ जाऊन सांगा. माझ्यात ठेवलेलं मी वर्षानुवर्षं जपतो, आणि शेजारच्या खोलीत कोणी त्यासाठी रडत असलं तरी तोंड उघडत नाही.