न तडकणाऱ्या शेंगा

मी बियांना डोस देते. हातभर जाड भिंतींच्या खोलीत किरण सोडणारा कोबाल्ट असतो. त्याच्यासमोर मुगाची बरणी ठेवायची, जड दार लावायचं, घंटा वाजली की बाहेर काढायची. त्या किरणांनी बियांच्या आत काहीतरी बिघडतं, आणि हजारांत एखाद्याचं चांगलं बिघडतं. त्या एखाद्यासाठी सगळा खटाटोप. बियांत किरण शिल्लक राहत नाहीत, हे शेजारणीला किती वेळा सांगितलं, तरी ती माझ्या हातचा चहा जपूनच पिते.

आमच्या संशोधन केंद्रात खोली माझी आणि शेत मास्तरांचं. ते शिक्षक कधीच नव्हते, पण कुणालाही धरून समजावत बसायची खोड, म्हणून मास्तर. पंधरा वर्षं त्यांना एकच ध्यास होता. मूग वाळला की शेंग तडकते आणि दाणे मातीत उडतात. न तडकणारी शेंग त्यांना हवी होती.

डोस दिलेलं बी पेरलं की पहिल्या पिढीत वाकडी पानं, पांढरे पट्टे, काय काय दिसतं. मास्तर तिकडे ढुंकूनही बघत नसत. "ही नुसती इजा आहे, बाई. खरं काय ते दुसऱ्या पिढीत दिसतं." हा नियम झाडांपुरता असता तर माझी काही तक्रार नव्हती. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, माझा नवरा त्याच्याही आधी गेलेला. मी दोघांना पुरेल एवढा डबा आणायचे. स्वेटर विणून दिला. त्यांनी तो घातला आणि म्हणाले, "यंदा थंडी आहे खरी." याहून जास्त लक्षणं कुठून आणू?

शेवटच्या हंगामात त्यांनी पहिल्या पिढीच्या प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पाकिटात भरलं, निवृत्त झाले आणि दुसऱ्या गावी लेकीकडे राहायला गेले. पाकिटं पेरली गेली, एका पाकिटाची एक रांग. शेत माझं काम नव्हे. तरी ड्यूटी संपली की मी तिथे फिरायचे. करमत नव्हतं, दुसरं काय.

पीक वाळलं तेव्हाची गोष्ट. दुपारचं ऊन, आणि सगळ्या शेतात शेंगा तडकण्याचा टकटक आवाज. एका रांगेत मात्र एक झाड गप्प. शेंगा काळ्याभोर वाळलेल्या आणि सगळ्या शाबूत. एक चिमटीत दाबली. नाही उघडली. मी तिथेच मातीत बसले. आता ते येतील, असं वाटून जीव सुपाएवढा झाला. मग लक्षात आलं, येतील ते झाडासाठी. आणि माझं डोकंच फिरलं.

फोन लावला.

"मास्तर, या ना एकदा. तुम्ही नसलात की करमत नाही इथे."

ते हसले. "रांगांत काही निघालं का?"

"नाही," मी धडधडीत खोटं बोलले.

"मग आत्ता येऊन काय करू, बाई? पुढच्या हंगामात बघू."

मी फोन कानाला तसाच धरून राहिले. पुढचा हंगाम म्हणे. शेवटी माझाच धीर सुटला.

"निघालंय," मी म्हटलं. "एक झाड."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जावयाच्या गाडीतून हजर. जावई फाटकापाशी थांबला, मास्तर जवळजवळ पळतच रांगेत आले. गुडघे टेकून त्यांनी एकेक शेंग दाबून पाहिली. डोळे भरून आले त्यांचे. ते त्या झाडाकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. केस पार पांढरे झाले होते. कुणी नीट कापलेही नव्हते.

"काल आधी 'नाही' असं का म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"बघायचं होतं. झाड नसतं तर नुसत्या माझ्यासाठी आला असतात का."

त्यांचा हात शेंगेवरच राहिला. कान लाल झाले. आणि मग बोलले ते काय? "एकदा दिसलं म्हणून लगेच खरं धरता येत नाही, बाई. पुढची पिढी बघावी लागते."

झाडाबद्दल म्हणाले की माझ्याबद्दल, देव जाणे. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं.

"झाडाला पुढची पिढी आहे, मास्तर," मी म्हटलं. "मला ही एवढीच."

फाटकापाशी हॉर्न वाजला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पहिल्यांदाच त्या झाडाकडे पाठ करून बसले. जावयाने पुन्हा हॉर्न दिला.

"थांब रे जरा," ते ओरडले. "मी बाईंशी बोलतोय."