पिनेच्या जागी खिळा

"आजी, मेलं कोण?" हवालदारानं तिसऱ्यांदा विचारलं.

"कुणी नाही."

"जखमी?"

"कुणाला ओरखडासुद्धा नाही. कान ऐकायला आहेत की नुसते चष्मा अडकवायला?"

हवालदारानं चष्मा सारखा केला. टेबलावर एक वाकडा खिळा पडला होता. म्हातारीच्या मागं तिचा चाळिशीतला मुलगा मान खाली घालून उभा होता.

मैदानावरचा आकाशपाळणा या मायलेकांचा. त्याच्या प्रत्येक खुर्चीचं दार लोखंडी पिनेनं अडकतं. आज सकाळी एक पिन सापडेना आणि रांग तर फाटकापर्यंत गेलेली. पठ्ठ्यानं खिळा वाकवून अडकवला. दुपारपर्यंत त्या खुर्चीतून शंभर माणसं आभाळ बघून आली. मग म्हातारीनं दारांवरून हात फिरवला आणि खिळा हाताला लागला. तिनं पाळणा थांबवला, रांग घरी पाठवली आणि लेकाला दंडाला धरून थेट चौकीत आणलं.

"गुन्हा काय लिहू, आजी? समज देऊन सोडतो."

"समज मी चाळीस वर्षं देतेय. मुरली असती तर इथवर आले असते का?"

कोपऱ्यातला शिपाई हसला. मुलालाही हसू आलं, पण आईला पाठीलाही डोळे आहेत, हे तो जाणून होता.

"कुणी पडून मेलं असतं, तर आत टाकला असता ना याला?"

"टाकावाच लागला असता."

"खिळा तोच, लावणारा हात तोच. मग शिक्षा हलगर्जीपणाची करता, की पडणाऱ्याच्या नशिबाची?"

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "तुम्ही आईच ना याच्या?"

"सख्खी. म्हणून तर वेळेत आणलाय. याच्या बापाला तुमच्या लोकांनी येऊन नेलं होतं."

ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पाळण्यातून एक बाई पडून मेली आणि म्हातारीचा नवरा दोन वर्षं तुरुंगात होता. अपघात होता, देवाची करणी होती, माणसाला कोंडून मेलेलं परत येतं का, असं ती आयुष्यभर भांडत आली. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

"तेव्हा मी सांगितलं, पिन तुटली," ती म्हणाली. "पिन नव्हतीच. खिळा होता. त्या दिवशी सकाळीच माझ्या डोळ्यांना दिसला होता. रांग मोठी होती, मी गप्प बसले."

मुलानं मान वर केली. "आई, राहू दे."

"तू गप्प. तुझं सांगून झालं, आता माझं."

"हेही लिहू?" हवालदारानं हळूच विचारलं.

"मग काय ओव्या म्हणतेय मी?"

त्यानं वही ओढली आणि सगळं लिहून घेतलं. शेवटी अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली.

"ती ठेवा आत. तीन इयत्ता फुकट नाही गेल्या."

तिनं पेन मुठीत धरलं. आधी स्वतःचं नाव लिहिलं. मग नवऱ्याचं आलं, तिथं पेन थांबलं. नुसत्या पहिल्या अक्षरावर भागलं असतं. तिनं अख्खं नाव लिहिलं, काना-मात्रेसकट, आणि मग आडनावाकडं वळली.