एकडोळे आणि चमचाभर पवित्र पाणी

ताइनारा माझ्या भावाची मुलगी. विद्यापीठाच्या संशोधनासाठी माझ्याकडे राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "आत्या, ब्रोमेलियांना हात लावायचा नाही." मी नाही लावला. पाण्याबद्दल ती काही बोलली नव्हती.

अंगणातल्या फणसाला अठरा ब्रोमेलिया, अननसाच्या जातीची झुडपं, बिलगून बसल्या आहेत. बारा माझ्या हाताशी, सहा उंचावर. त्यांच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं. त्या पाण्यात गाळ गिळणारे, तोंडाशी चाकं फिरवणारे बारीक जीव असतात आणि त्यांना मटकावणारे एकडोळेही. हे सुईच्या टोकाएवढे, कपाळावर एकच डोळा. ताइनारा महिन्यातून एकदा थेंब काढून सूक्ष्मदर्शकाखाली कोण किती उरलं ते मोजायची. तिने एकदा मलाही तो डोळा दाखवला होता. मला तो आवडला नाही, पण देवानेच केला असणार.

मंगळवारी सकाळी ती सूक्ष्मदर्शकापुढून उठेना.

"आत्या, एकडोळे मेलेत. खालच्या बाराही झुडपांतले."

"आणि चाकवाले?"

"माजलेत. खायला कोणी उरलंच नाही ना. शुक्रवारी अहवाल द्यायचाय आणि माझे आठ महिने पाण्यात गेले."

ती तडक कुंपणापाशी गेली. शेजारची नेइजी डासांच्या धास्तीने दिसेल त्या पाण्यात क्लोरीन ओतते, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"नेइजीताई, आमच्या झाडांत काय ओतलंत?"

"तुमच्या अंगणात यायला मला वेळ कुठे आहे? रोज पहाटे तिथे तुझी आत्या उभी असते. तिला विचार."

"आत्या जपमाळ ओढत असते."

"हो, एका हाताने," नेइजी म्हणाली.

मी कॉफी गाळायला आत गेले. सांगणार तरी काय? संत रिताला मी नवस बोलले होते, पोरीचं काम तडीस जाऊ दे; अहवाल पोचेपर्यंत रोज हाताला येईल त्या प्रत्येक झुडपाला चमचाभर पवित्र पाणी देईन. नवस फिटेपर्यंत तोंडातून काढायचा नसतो, काढला की वाया जातो, असं आईने शिकवलंय. या नेइजीला मात्र पहाटे झोप का लागत नाही, कोण जाणे.

ताइनारा मागोमाग आत आली. तिने एका झुडपातलं पाणी बोटावर घेऊन चाखलं होतं.

"खारट आहे," ती म्हणाली.

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. पाद्री अन्सेल्मो जुन्या रीतीचे. पाण्याला आशीर्वाद देताना त्यात मंतरलेलं मीठ घालतात, तेही चांगलं मूठभर. मला हे माहीत होतं, पण मीठ एकडोळ्यांना लागेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"क्लोरीन खारट नसतं. म्हणजे तिने मीठ ओतलंय," ती म्हणाली आणि पुन्हा नेइजीकडे निघाली. आता पोलिसांचं नाव काढत होती.

मनातल्या मनात संत रिताची क्षमा मागून मी हळूच म्हटलं, "नेइजीने नाही. मी."

मग सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. "माझ्यासाठी? आत्या, माझ्या भल्यासाठी तू माझं वाटोळं केलंस?"

"तू पाण्याचं सांगितलं नव्हतंस."

"तुला पवित्र पाण्याचं वेगळं सांगायला हवं होतं का मी?"

कॉफी गार झाली. मग तिने वही ओढली. "किती दिवस?"

"एकवीस."

"रोज? नक्की? आणि चमचा कुठला?"

"तोच, लहान. एकही दिवस चुकला नाही. ताप होता तेव्हाही नाही. नवस आहे तो."

तिने माझ्याकडे पाहिलं. रोज तेच माप, तीच वेळ, आणि वरच्या सहा झुडपांना त्यातला थेंबही नाही. ती पुटपुटली की असा नेमका प्रयोग तिच्या हातून आठ महिन्यांत झाला नव्हता.

"मिठाचं प्रमाण हवंय," ती म्हणाली. मला घेऊनच चर्चमध्ये गेली आणि पाद्रींना विचारलं, मूठ नक्की केवढी.

"श्रद्धेएवढी," पाद्री म्हणाले.

तिने पिशवीतून स्वयंपाकघरातला माझा वजनकाटा काढून टेबलावर ठेवला. "पाद्रीबाबा, परत एकदा टाका. सावकाश."