पाण्याचा भोंगा

शेजारच्या शिंपीणबाईंच्या तळघरात पाइप फुटला आणि कापडाचे गठ्ठे गुडघाभर पाण्यात भिजले, तेव्हा कानसेनांच्या मुलीने फोनवरून फर्मान काढलं, "बाबा, तुमच्या तळघरात भोंगा बसवायचाच. मी काही ऐकून घेणार नाही." तिने चौकातल्या विजेच्या दुकानाला परस्पर कळवलं आणि दुपारी वस्तू घरी हजर. तळहाताएवढी पांढरी चकती, तिच्या पोटाशी धातूचे दोन ठिपके. जमिनीवर ठेवायची. ठिपक्यांना पाणी लागलं की तिने बोंब ठोकायची, एवढंच तिचं काम.

कानसेन हे अर्थात टोपणनाव. तीस वर्षं ते घराच्या तळघरात व्हायोलिनं दुरुस्त करत होते आणि या माणसाचे कान म्हणजे कान, असं वादक एकमेकांना छातीठोकपणे सांगत. कानसेनांना याचा अभिमान होता, खरं तर जरा जास्तच होता. "आवाज बरा वाटतोय का?" असं त्यांनी कुठल्याही गिऱ्हाइकाला आजवर विचारलं नव्हतं. ते विचारत नसत, सांगत. "झालंय. घेऊन जा."

बायको बाहेर गेलेली. कानसेनांनी चकती ओल्या फडक्यावर ठेवली. तांबडा दिवा लुकलुकला, आवाज मात्र नाही. सेल बदलले. पुन्हा दिवा, पुन्हा शांतता. मग चकती खिशात टाकून ते तडक दुकानात गेले.

"दिवा लागतो, पण तोंडातून ब्र काढत नाही," त्यांनी तक्रार केली. "बदलून द्या."

दुकानदाराने ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि ठिपक्यांवर टेकवलं. बल्ब निवडणाऱ्या आजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. कडेवरच्या एका मुलाने भोकाड पसरलं. "अहो, बंद करा ते!" कोणीतरी ओरडलं.

कानसेनांना आजींचा श्वास ऐकू आला, मूल ऐकू आलं, ओरडणाराही ऐकू आला. भोंगा तेवढा ऐकू आला नाही. मग त्यांनीही कानांवर हात ठेवले. सगळ्यांच्या मागून ठेवले, पण ठेवले.

"ठणठणीत आहे की," दुकानदार म्हणाला.

"हो, आमच्याच सेलमध्ये काहीतरी असेल," असं पुटपुटून ते बाहेर पडले.

घरी येऊन त्यांनी चकती तळघरात बंबाच्या नळीखाली ठेवून दिली. बायकोला सांगितलं, "बसवला बरं का तुझ्या लेकीचा भोंगा." बाकी गिळून टाकलं. तीन आठवडे त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. वाद्यवृंदात नुकतीच लागलेली एक मुलगी आपलं व्हायोलिन दोनदा परत घेऊन आली होती. "काका, वरचे सूर टोचतात," असं तिचं म्हणणं. दोन्ही वेळा त्यांनी गज फिरवून पाहिला, त्यांना काहीच टोचलं नाही, आणि त्यांनी निकाल दिला, "वाद्य उत्तम आहे. तुझा हात अजून बसलेला नाही." आता ती तिसऱ्यांदा वाद्य ठेवून गेली होती. गुरुवारी न्यायला येणार होती. तिला काय सांगायचं, हे ठरत नव्हतं. खरं सांगितलं तर तीस वर्षांचा धंदा गेला, आणि धंदा गेला तर आपण कोण? त्यांना भीती वाटत होती, साधी लहान मुलासारखी भीती.

बुधवारी दुपारी ते टेबलावर वाकून दुसऱ्याच एका वाद्याची मान चिकटवत होते. तेवढ्यात बायको धाडधाड जिना उतरत आली.

"अहो! कानात बोळे घातलेत काय? केव्हाचं ठणाणा करतंय ते!"

कानसेनांनी मागे वळून पाहिलं. बंबाची नळी निखळली होती. सपाता भिजल्या होत्या आणि पाणी भिंतीशी ठेवलेल्या व्हायोलिनच्या पेटीला टेकलं होतं. तीच पेटी, त्या मुलीची. बायकोने आधी पेटी उचलून टेबलावर ठेवली, मग कॉक फिरवला, मग पाण्यातून चकती काढून पुसली. एवढ्यात तिचं लक्ष नवऱ्याच्या चेहऱ्याकडे गेलं. तिने मुद्दाम ओलं बोट ठिपक्यांवर टेकवलं आणि चकती त्यांच्या कानाशी धरली. कानसेनांची पापणीही हलली नाही.

"ऐकू येत नाही?"

"बारीक आवाज येत नाहीत."

"कधीपासून?"

"मला तरी दुकानात कळलं. तीन आठवडे झाले."

ती पायरीवर बसली. "म्हणजे दाराची घंटा, माझ्या घड्याळाचा गजर, ओव्हनची टीं टीं... आणि मी दोन वर्षं समजत होते, की तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता! एवढी भांडले मी. सगळं फुकटच की हो." ती हसायला लागली आणि हसता हसताच तिने पदराने डोळे पुसले. मग टेबलावरच्या पेटीकडे बघत म्हणाली, "तीनदा आली ती मुलगी. तिला सांगा. उद्याच सांगा."

पेटी बाहेरूनच ओली झाली होती. आत वाद्य कोरडं होतं.

गुरुवारी ती आली. कानसेनांनी रात्रभर जुळवलेली वाक्यं ऐनवेळी पळून गेली. ते एवढंच म्हणाले, "चूक माझी होती. वरचे सूर मला ऐकूच येत नाहीत."

ती रागावेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने डावा हात पुढे केला. बोटांच्या टोकांना पट्ट्या होत्या.

"रोज सहा सहा तास घासत होते, काका. तुम्ही म्हणालात म्हणजे हातच वाईट असणार. काल राजीनामा लिहिला मी. बॅगेत आहे."

आपलं नाव वाचवायच्या नादात आपण या पोरीचे चांगले कान खोटे ठरवले, हे कानसेनांना लख्ख कळलं आणि स्वतःची मनापासून लाज वाटली.

"तो कागद बॅगेतच राहू दे," ते म्हणाले. "वाजव."

व्हायोलिनच्या पोटात एक छोटी काडी उभी असते. ती केसभर सरकली तरी आवाज बदलतो. कानसेनांनी वाकडी सळई घेऊन ती काडी हलवली. मुलीने वाजवलं, मान हलवली. त्यांनी काडी पुन्हा हलवली, तिने पुन्हा वाजवलं. "अजून टोचतंय. जरा मागे. नाही, एवढं नाही." तास होत आला. तिची बोटं तारेच्या पार टोकाशी गेली की कानसेनांना फक्त गज हलताना दिसे. ते तिच्या कपाळाकडे बघत होते. कपाळावरची आठी सैल झाली आणि गज मधेच थांबला.

"बस्स. इथेच," ती म्हणाली.

कानसेनांनी सळई बाहेर काढली, खाली ठेवली.

"नक्की ना?" त्यांनी विचारलं.