बाटलीवरचं नाव

"एकही तांबडी पेशी नाही," मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता कुंदा म्हणाली.

"मग चांगलंच आहे की," टाइपरायटरवर रिपोर्टचा कागद चढवत बाळाजी म्हणाले. "नॉर्मल लिहू ना?"

"थांबा. इतकं चांगलं आहे, म्हणूनच खोटं वाटतंय."

तिने तिसरी स्लाइड केली. तीही स्वच्छ. लघवीच्या बाटलीवरच्या चिकटपट्टीवर नाव होतं: गोदूबाई म्हात्रे, बेलवली.

गोदूबाईंना कुंदाने कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या बाटल्या तिला चांगल्या ठाऊक होत्या. दोन महिन्यांपूर्वी मूत्रनलिकेत खडा अडकून त्यांच्या मूत्रपिंडात पू झाला होता. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या ज्या नर्सिंग होमच्या माळ्यावर ही लॅब होती, तिथेच डॉक्टरांनी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी घालून वाट मोकळी केली. खडा नंतर दुर्बिणीने काढायचा होता. पण लघवीत जंतू असताना खड्याला हात लावला, तर ते रक्तात शिरतात आणि माणूस दोन दिवसांत हाताबाहेर जातो. म्हणून आधी कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू प्लेटवर वाढवून बघायची तपासणी. ते दोनदा खराब आलं आणि ऑपरेशन दोनदा पुढे गेलं. मुंबईचे सर्जन पंधरा दिवसांतून एकदाच, गुरुवारी येत.

आणि आता ही तिसरी बाटली, शहाळ्याच्या पाण्यासारखी. औषधाने जंतू गेले असतील, इतपत कुंदाला मान्य होतं. पण नळी आत असेपर्यंत ती घासत राहते. चार तांबड्या पेशी तरी दिसायलाच हव्यात.

"ही त्यांची नाहीच," ती म्हणाली.

"झालं, सीआयडी सुरू," बाळाजी हसले.

कुंदा टिपणीस शंकेखोर आहे, हे बदलापूरच्या कुळगावपासून कॅम्प पाचपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी, लॅबचा कोर्स नुकताच झालेला असताना, तिला बघायला आलेल्या मुलाने पोह्यांबरोबर चार तांबे पाणी संपवलं. ती आत जाऊन आईला म्हणाली, "याला साखर असणार." स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. मंडळी उठून गेली. टिपणिसांची मुलगी नवऱ्यामुलाची लघवी तपासते, अशी बोलवा झाली आणि पुढे स्थळं येईनाशी झाली. त्या मुलाला खरंच साखर होती का, हे तिला कधीच कळलं नाही. तेव्हापासून ती लॅबच्या याच खिडकीशी बसून माणसांना बाटल्यांवरून ओळखत होती.

मंगळवारी संध्याकाळी बदलापूरला घरी जाण्याआधी ती बेलवलीत उतरली. अंगणात ओट्यावर एक रोड बाई कुशीवर हात दाबून बसली होती. त्याच गोदूबाई. मुलगा जयदेव कारखान्यातून येऊन हातपाय धूत होता आणि सून विठा सुपात तांदूळ निवडत होती.

"मी लॅबमधून आले. सोमवारची बाटली कोणी भरली होती?"

"कोणी म्हणजे?" जयदेव म्हणाला. "आईची टेस्ट, आईनेच भरली."

"आणून कोणी दिली?"

"हिने."

विठाचा सुपातला हात थांबला. कुंदाने ते टिपलं.

"वाटेत सांडली का गं? दुसरी भरलीस का?"

"नाय," विठा म्हणाली, पण नजर तिने सासूकडे वळवली.

"ती लघवी यांची नाही," कुंदाने सांगून टाकलं. "आणि तिच्यावर विसंबून ऑपरेशन केलं, तर यांच्या जिवावर बेतेल."

जयदेव टॉवेल खांद्यावर टाकून पुढे आला. "मॅडम, दोनदा खराब म्हणून आम्हाला परत धाडलंत. आता चांगली आली तर तीपण चालत नाय? आईच्या पोटात नळी ठेवून तुमचा काय फायदा हाय, ते तरी सांगा."

"जा बाय तू," गोदूबाई म्हणाल्या. "माजीच हाय ती."

फाटकाशी कुंदाने मागे वळून पाहिलं. जयदेव आता तिच्याकडे बघत नव्हता. तो बायकोकडे बघत होता.

बुधवारी कल्चरची प्लेट कोरी निघाली, एकही जंतू वाढला नव्हता. रिपोर्टखाली कुंदाने शाईने लिहिलं, 'नमुना याच रुग्णाचा असल्याची खात्री नाही.'

नर्सिंग होमचे डॉ. वासवानी वैतागले. "कुंदाबाई, सिर्फ शक पे ऑपरेशन नहीं रुकता. मैं सर्जन को क्या बोलूं?"

"एक सॅम्पल माझ्यासमोर घेऊ द्या, सर. मग काही बोलणार नाही."

गुरुवारी सकाळी सर्जन यायच्या आधी ती डॉक्टरांच्या परवानगीने नवी बाटली घेऊन वॉर्डात गेली. ऑपरेशनसाठी दाखल झालेल्या गोदूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि संडासात जाऊन दार लोटून घेतलं. मग आतून हाक आली.

"बाय, हायस का?"

"आहे."

"ती बाटली मीच विठाला भरायला लावली. पोर नाय नाय म्हणत होती."

कुंदा दाराला टेकली.

"दोन म्हैने झाले," आतून आवाज आला. "वाकले का आत कोणीतरी ओढतंय. दर खेपेला आग, दर खेपेला रगात. चार माणसांत बसायची लाज वाटते, सारखी उठते मी. आणखी पंधरा दिवस म्हणशील, तर त्यापरीस मेलेली बरी."

वीस वर्षं कुंदा तांबड्या पेशी मोजून आकडा लिहीत आली होती. दाराच्या फटीतून हात पुढे आला आणि बाटली तिच्या हातात पडली. ती गरम होती. तिच्या टेबलावर बाटल्या यायच्या त्या नेहमी थंड झालेल्या.

स्लाइडवर पूच पू होता. वासवानींनी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि मग ऑपरेशन थांबवायला सर्जनना फोन केला. बाटली कोणी बदलली, हे त्यांनी विचारलं नाही आणि कुंदानेही सांगितलं नाही. ते आपलं काम नाही, असं तिला वाटलं.

गोदूबाईंना घरी पाठवलं नाही. आधीच्या कल्चरमध्ये जे औषध लागू पडत होतं, त्याची इंजेक्शनं चालू ठेवून पुढच्या खेपेला सर्जननी खडा काढला, जंतू चिकटलेली जुनी नळी फेकली आणि आठ दिवसांपुरती नवी घातली. तरीही दुसऱ्या दिवशी गोदूबाई हुडहुडी भरून पलंगासकट हलायला लागल्या, ब्लडप्रेशर उतरलं. दोन दिवस वासवानी घरी जेवायला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. "पिछली बार ही ऑपरेशन करते, तो ये औरत नहीं बचती," ते कुंदाला म्हणाले.

नवी नळीही निघाली, त्या दुपारी कुंदा त्यांना भेटायला खाली गेली. इतक्या दिवसांत विठा एकदाही दिसली नव्हती.

"सूनबाई कुठे आहे?" तिने विचारलं.

"येरंजाडला. माहेरी सोडली तिला," जयदेव म्हणाला. मग त्याने चक्क हात जोडले. "मॅडम, त्या दिवशी मी तुम्हाला वाकडं बोललो. बाटली तिनेच बदलली. आईला मारायला निघाली होती ती. तुम्ही पकडलंत म्हणून."

बाटली कोणी आणली, हे अंगणात त्याच्यासमोर विचारणारी कुंदाच होती.

गोदूबाई पलंगावर बसून कपड्यांच्या गाठोड्याला गाठ मारत होत्या. मारलेली गाठ सोडून पुन्हा मारत होत्या.

"गोदूबाई," कुंदा म्हणाली. पुढचं तिने त्यांच्यासाठी ठेवलं. त्या बोलल्या नसत्या, तर ती बोलणार होती.

गोदूबाईंनी गाठ सोडून दिली. "जयदेव, ती बाटली मी भरवून घेतली. विठाची काय चूक नाय. तुजा राग मना माहीत हाय, म्हणून गप ऱ्हायले."

जयदेव कुंदाकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तो रिक्षा आणायला निघून गेला.

रिक्षा दाराशी आली, तेव्हा गोदूबाईंनी कोणाचा हात धरला नाही. कुशीवर तळवा दाबून त्या स्वतः चढल्या. "पहिली येरंजाडला घे," त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं. जयदेव पुढे त्याच्या शेजारी बसला. मागे गोदूबाई एका कडेला सरकल्या, गाठोडं मांडीवर घेतलं आणि बाजूची जागा पदराने पुसून मोकळी ठेवली.