दंडाचं जेवण

"माझी गाय काय चोर हाय व्हय रं, दावं लावून चौकात आणायला?" इज्जा म्हातारी कमरेवर हात देऊन उभी ठाकली. तिचा जावई अद्दी गाईचं दावं धरून मान खाली घालून उभा. म्हातारी राहायला त्याच्याच घरी, म्हणजे गाय म्हटली तर त्याच्याच गोठ्यातली.

आणि अद्दी तर यंदा गवताचा मुखिया. ॲटलसच्या त्या डोंगरात जमात दर वसंतात मुखिया निवडते. तो कुरण राखतो. फूल फुलावं, बी गळावं, मुळानं माती धरावी. मग पंचांनी ठरवलेल्या दिवशीच कुरण खुलं व्हायचं. शेजारचा डोंगर कुणाचाच नव्हता, म्हणून साऱ्यांनी ओरबाडला. आता तिथं सर आली की माती खाली येते अन् ऊन पडलं की धूळ वर जाते. इकडं पाठोपाठ कोरडी सालं गेली, तरी कुरणाच्या पायथ्याला झरा झुळझुळतोच आहे. कोर्टात भांडून जमातीनं ते कुरण आपल्या नावावर करून घेतलं होतं.

आज त्याच बंदीच्या कुरणात म्हातारीची गाय सापडली. अन् सापडली ती जिलालीच्या डोळ्यांदेखत.

जिलाली सपाटीवरचा मातबर मेंढरंवाला. मेंढ्यांनी भरलेले ट्रक घाटाखाली उभे करून चौकात पुदिन्याचा चहा फुरकत बसला होता. "काय मुखिया," तो हसला, "कागदावर कुरण तुमचं, पण राखतं कोण? सासूच्या गाईला मोकळं रान अन् माझ्या मेंढ्यांना काठी? बंदी मोडली म्हणायची. सकाळी मी माझ्या सोडतो."

अद्दी पेचात पडला. गाय सोडावी तर कुरण जाणार, दंड करावा तर घरात चूल पेटायची नाही.

"दंड," अद्दी कसाबसा बोलला. "रीतीपरमाणं साऱ्या जमातीला जेवाण. मेंढी इज्जामामीची."

"ऐका हो ऐका!" म्हातारी कडाडली. "मुक्या जनावराला बंदी काय ठावं? हिरवं दिसलं, गेली. तू बी माझ्या पोरीला बघून कुंपण वलांडूनच आलातास न्हवं?"

"तवाचा दंड अजून भरतूय, मामी."

चौक खदखदून हसला. म्हातारीलाही ओठ आवळावे लागले. "काप मग मेंढी," ती म्हणाली. "पर वाढणार मीच."

मेंढी शिजली, जवाच्या भाकरी थापल्या, चौकात पंगत बसली. बायांनी गाणं धरलं:

*गाय शिरली गं रानी, दंड भरी कोण बाई?*
*जावई झाला मुखिया, सासूला सुटका न्हाई!*

इज्जानं पहिलं ताट वाढलं ते जिलालीला. "पावणं, लाजू नगा. लांबनं आलाय." रस्सा दोनदा वाढला, चांगली नळी शोधून घातली. जिलालीनं बोटं चाटली.

"गोड हाय का?"

"फारच गोड, आजीबाई."

"असायचंच. दंडाचं जेवाण हाय ते. जो खाईल तो साक्षीदार. बंदी मोडली व्हती, ती भरून दिली, असं समद्यांसंगं तुमी बी कबूल केलं. म्हंजी बंदी शाबूत हाय."

जिलालीचा हात ताटातच राहिला. "मी पाहुणा म्हणून जेवलो!"

"पावण्याला घरात वाढत्यात, बाबा. ह्यो चौक हाय." म्हातारीनं पदराला हात पुसले. "एका गाईपायी एक मेंढी गेली. तुमचे ट्रक आत शिरले तर समदी जमात वरीसभर तुमच्याच दारात जेवंल. सैपाकाला तुमची सासू बलवा म्हंजी झालं."

आता मात्र पोट धरधरून हसले सारे. जिलालीलाही हसावंच लागलं, काय करतो? त्यांचं मीठ जिभेवर असताना भांडायचं तरी कुठल्या तोंडानं? अंधार पडायच्या आत त्याचे ट्रक सपाटीकडं परत फिरले.

वाढण्याच्या धांदलीत अद्दीच्या पोटात मात्र कण गेला नव्हता. घरी आला तर बायको तौदा चुलीपाशी बसलेली.

"जेवला न्हाईस? मुखियानं जमात जेवू घातली अन् सोता उपाशी!" तिनं भाकरी पुढं सरकवली. "लोणी मागू नगंस. गाय चौकात दिसभर बांधून ठिवलीस. रुसलीया ती. धारच दिली न्हाई."

पलीकडून म्हातारी खुसूखुसू हसली.

अद्दीनं कोरडीच भाकरी मोडली. वर कुरणात गवताचं बी निवांत गळत होतं.