मीठ बरोबर आहे ना?

कुणाच्या घरात काय चाललंय ते मला चहापत्तीवरून कळतं. नवी सून आली की पहिल्या तोडणीची पत्ती मागतात, पाहुणा नकोसा झाला की तेच लोक "गेल्या वर्षीची उरलीय का हो?" असं हळूच विचारतात. त्यामुळे माझ्या दुकानासमोरचं 'कामोमे' या वसंतात दुप्पट पत्ती नेऊ लागलं, तेव्हा माझे कान टवकारले. चहा दुप्पट आणि गिऱ्हाईक निम्मं, हे गणित काही जुळेना. म्हणून एका दुपारी स्वतःच जाऊन बसलो.

'कामोमे' म्हणजे ओनिगिरीचं, भाताच्या गोळ्यांचं दुकान. एक लांब फळी, तिच्यापुढे स्टुलं, फळीपलीकडे मालकीणबाई नामिए-सान. ओल्या तळव्यावर मीठ पसरायचं, गरम भात घ्यायचा, पोटात सामन मासा नाहीतर खारवलेलं आंबट उमे फळ ठेवायचं आणि हलक्या हाताने दाबून त्रिकोण करायचा. आम्ही उओझूचे लोक त्याला वरून कोम्बू शेवाळाचा कीस लावतो. त्यांचा नवरा होता तोवर सकाळचा पहिला गोळा तो खायचा, "हं" म्हणायचा, आणि मगच दुकान उघडल्याची खूण म्हणून दाराबाहेर पडदा टांगला जायचा. तो गेला, आणि "हं" म्हणायला कुणी उरलं नाही.

पहिल्याच घासाला माझ्या कानशिलात कळ गेली. इतकं खारट! शेजारी मिझोबाता-सान, आमचे निवृत्त मुख्याध्यापक, डोळे मिटून चावत होते; वाटावं की ध्यान लागलंय. पलीकडे केशकर्तनवाल्या तोरिगोए-सान घास गालात धरून बसल्या होत्या, गिळायचा धीर होत नव्हता.

"मीठ बरोबर आहे ना?" नामिए-सानने विचारलं.

"एकदम बरोबर!" आम्ही तिघेही म्हणालो. आणि तिघांचेही पेले चहासाठी एकदमच पुढे सरकले.

बाहेर आल्यावर तोरिगोए-सानचा बांध फुटला. "अहो, आख्खी खाडी गिळल्यासारखं वाटतंय! सांगा की कुणीतरी त्यांना."

"तुम्ही सांगा ना. दिवसभर लोकांच्या डोक्यावर बसून बोलत असता."

"मी? आणि तुम्ही का नाही, चहावाले-सान? पत्ती खपतेय, म्हणून गप्प बसलाय!"

हे मला झोंबलं, कारण त्यात थोडं तथ्य होतं.

गंमत इथवरच होती. गावच्या जत्रेत रथ ओढणाऱ्यांचं जेवण दरवर्षी 'कामोमे'तून जातं, आणि त्या जेवणावरच दुकानाचं वर्ष निघतं. यंदा जत्रेच्या समितीवर नवा अध्यक्ष आला होता. स्टेशनजवळच्या चकचकीत दुकानाचे गोळे त्याने चाखले होते. आता जेवण कुणाकडून घ्यायचं ते ठरवायला गुरुवारी तो 'कामोमे'त येणार होता. आपण गप्प राहिलो, तर गुरुवारनंतर पडदा टांगायला कारण उरणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

कामगिरी मिझोबाता-सानवर सोपवली. उभी हयात त्यांनी मुलांच्या प्रगतिपुस्तकांत शेरे लिहिले होते, एक आणखी लिहायला काय हरकत! त्यांनी घसा साफ केला, गोळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नामिए-सान, हे खाताना... कसं सांगू... समुद्र फार जवळ आल्यासारखा वाटतो."

नामिए-सानचे डोळे भरून आले. "आमचे हेही अगदी हेच म्हणायचे!" त्यांनी आणखी एक गोळा वळून मास्तरांच्या बशीत ठेवला. वर पैसेही घेतले नाहीत. मास्तरांनी तो खाल्ला.

बुधवारी दुपारी दुकान रिकामं पाहून मी एकटाच गेलो. मनाशी वाक्य घोकलं होतं: मीठ कमी करा. त्यात अवघड असं काहीच नाही.

पण आधी त्याच बोलल्या. "चहावाले-सान, दार ओढून घ्या जरा. कुणाला सांगितलेलं नाही. हिवाळ्यात मला तो ताप आला होता ना, तेव्हापासून माझी जीभ गेलीय. मीठ काय न् साखर काय, सगळं कागद चावल्यासारखं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात. येईल तेव्हा येईल." त्या हसल्या. "पण मी घाबरले नाही. तुम्ही तिघं आहात ना! तुमच्याच जिभेवर चाललंय सगळं. रोज थोडं कमी-जास्त करून बघायचे आणि तुमच्याकडे कान लावायचे. ज्या दिवशी तुम्ही सगळ्यांत जोरात 'एकदम बरोबर' म्हणालात, त्या दिवसाचं मीठ हाताने पक्कं धरून ठेवलंय. आता हात चुकत नाही."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आम्ही सगळ्यांत जोरात कधी ओरडलो होतो, ते मला नीट आठवत होतं. त्या दिवशी मीठ दाताखाली कचकचत होतं.

त्यांनी एक गोळा वळून माझ्यापुढे ठेवला. "उद्याही असाच करणार. सांगा."

मी खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं. "नामिए-सान, खारट आहे. फार खारट आहे. मीठ निम्मं करा."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मला वाटलं, पोचलं. मग त्यांनी ओल्या हाताने माझ्या दंडावर चापट मारली. "कधी सुधारणार तुम्ही! आदल्या दिवशी घाबरवताय होय मला?"

"थट्टा नाही करत मी."

"मागे उंदीर शिरल्याचं सांगितलंत, तेव्हाही असंच तोंड केलं होतंत."

केलं होतं. वर्षानुवर्षं मी या बाईची अशीच फिरकी घेत आलोय, तेही गंभीर चेहऱ्याने. तीच तर माझी खासियत.

"अहो, तुमच्या नवऱ्याची शपथ—"

"पुरे हं आता!" त्यांचा आवाज बदलला. एवढ्यात दार सरकवून मिझोबाता-सान आत आले. नामिए-सानने माझ्या बशीतला उरलेला अर्धा गोळा त्यांच्यापुढे धरला. "मास्तर, तुम्ही सांगा. मीठ बरोबर आहे ना?"

मी मागून मास्तरांना हातवारे करत होतो. मास्तरांनी घास घेतला, नामिए-सानच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून ते निघून गेलं, शिंक यावी तसं.

"एकदम बरोबर."

"ऐकलंत?" नामिए-सान मला म्हणाल्या.

गुरुवारी दुपारभर मी माझ्या दुकानाच्या दारातच उभा होतो. समितीचे लोक आत गेले. 'कामोमे'ची काच धुरकट, दिसत काहीच नव्हतं. पण आवाज यायचे. "वा!" "फारच छान!" सगळ्यांत मोठा आवाज नव्या अध्यक्षाचा. मग ते बाहेर आले, दारातूनच वाकून वाकून आभार मानले आणि कोपऱ्यावर वळताच रांगेने पाण्याच्या बाटल्यांच्या यंत्रापुढे उभे राहिले.

थोड्या वेळाने ॲप्रनला हात पुसत नामिए-सान रस्ता ओलांडून आल्या. गाल लाल झाले होते.

"ऐकलंत ना, कसे ओरडत होते? चहा तर किती वेळा मागितला! सगळा संपला बघा. जत्रेच्या हिशोबाने आत्ताच जास्त देऊन ठेवा."

"जास्त म्हणजे किती?"

"चहावाले-सान, तुमचं तोंड का असं? पुन्हा काही थट्टा करणार असाल, तर आज नको हं."

मी वरच्या फळीवरचा चांगल्या पत्तीचा डबा काढला आणि तराजूत ओतू लागलो.